एकाच जहाजात ए, डी, ई, एएच३६ अशा इतक्या प्लेटा कशाला? आणि ऑफशोअरला वेगळ्या का?

नवा_स्टॉकयार्ड

नमस्कार मंडळी. शिपयार्डच्या मटेरियल विभागात लागून सहा महिने झाले, मेकॅनिकलचा डिप्लोमा आहे, जहाजातलं आधी काहीच माहीत नव्हतं. स्टॉकयार्डात प्लेटांचे थरच्या थर रचलेत, सगळ्या शॉटब्लास्ट होऊन एकाच रंगाच्या प्रायमरमध्ये, एका प्लेटीत आणि दुसरीत डोळ्याला काडीचा फरक दिसत नाही. गेल्या आठवड्यात कटिंगला २२ मिमीची डी ग्रेड मागितली होती, थरात वरती २२ मिमीचीच ए ग्रेड होती, मी क्रेनवाल्याला तीच उचल म्हणालो, जाडी तीच माप तेच मग काय बिघडतंय असं डोक्यात. नशीब चांगलं की कटिंगवाल्याने टॉर्च पेटवायच्या आधी कोपऱ्यातला पंच, म्हणजे ठोकून उमटवलेला ग्रेडचा शिक्का, वाचला. सुपरवायझर ओरडले नाहीत, एवढंच म्हणाले, "ही कुठे बसणार होती माहितीये का तुला?" आणि मला खरंच माहीत नव्हतं. तेच मनाला लागून राहिलंय.

तर जाणत्यांनी जरा नीट सांगा. कुठली प्लेट जहाजात कुठे जाते? सगळीकडे सर्वात भारी ग्रेड का नाही वापरत, भानगडच मिटेल? आणि आमच्याकडे एका जॅकेटचं, म्हणजे समुद्रात उभा करायच्या नळ्यांच्या सांगाड्याचं, काम येणार म्हणतात, त्याच्या प्लेटांना वेगळी कागदपत्रं आणि झेड३५ वगैरे लिहिलंय, ते काय?

लॉफ्टवाला

आधी अक्षर आणि आकडा वेगळे कर, अर्धा गोंधळ तिथेच संपतो. आकडा म्हणजे ताकद, अक्षर म्हणजे थंडीतला चिवटपणा.

साध्या ताकदीच्या चार: ए, बी, डी, ई. चौघींची यील्ड, म्हणजे प्लेट कायमची ताणली जायला लागते तो ताण, कमीत कमी २३५ मेगापास्कल, म्हणजे ओढून बघितलं तर चौघी बहिणी सारख्याच. फरक पडतो चार्पी टेस्टमध्ये. १० बाय १० मिमीचा ५५ मिमी लांब तुकडा, मध्ये २ मिमीची व्ही खाच, वरून लोलकाचा हातोडा सोडायचा आणि तुकडा तोडायला किती ऊर्जा गेली ते मोजायचं. बी ने शून्य अंशाला २७ ज्यूल द्यायला हवेत, डी ने उणे २० ला, ई ने उणे ४० ला. ए ला ५० मिमी जाडीपर्यंत ही टेस्टच लागत नाही. आता तुझी ए आणि डी परत बघ, जाडी तीच, ताकद तीच, पण थंड पाण्यात खाचेपाशी जोर आला की एक वाकेल आणि दुसरी काचेसारखी तडकू शकेल.

हाय टेन्साइल म्हणजे जास्त ताकदीच्या स्टीलमध्ये मागे एच आणि आकडा लागतो. ३२ म्हणजे यील्ड ३१५, ३६ म्हणजे ३५५, ४० म्हणजे ३९०. ते ३२, ३६ आकडे जुन्या किलो प्रति चौरस मिमी हिशोबातले आहेत म्हणून मेगापास्कलशी थेट जुळत नाहीत, गोंधळू नकोस. एएच३६ ची टेस्ट शून्याला, डीएच३६ ची उणे २०, ईएच ची उणे ४०, एफएच ची उणे ६०.

आता कुठे जाते. जहाज म्हणजे शेवटी एक लांबच लांब पोकळ तुळई. लाटेचा माथा मधोमध आला की दोन्ही टोकं खाली जातात आणि डेक ताणला जातो, त्याला होगिंग म्हणतात, माथे टोकांना आले की पोट लोंबतं आणि तळ ताणला जातो, ते सॅगिंग. आय बीमच्या वरच्या-खालच्या फ्लँजवर जसा सगळ्यात जास्त जोर तसाच इथे डेकवर आणि तळावर, आणि लांबीत बघितलं तर मधल्या ४० टक्के भागात. म्हणून भारी अक्षरं तिथे जमतात. २५० मीटरच्या वरच्या जहाजात या मधल्या भागातली शीअर स्ट्रेक, म्हणजे बाजूच्या प्लेटिंगची सगळ्यात वरची ओळ, आणि तिला चिकटलेली डेकची स्ट्रिंगर प्लेट, या ई किंवा ईएच लागतात, बिल्ज स्ट्रेक म्हणजे तळ जिथे वळून बाजूला चढतो ती ओळ डी किंवा डीएच. बाजूचा मधला उंचीचा भाग, आतले बल्कहेड (आतल्या भिंती), सुपरस्ट्रक्चर (डेकवरची इमारत), तिथे ए सुखाने नांदते. छोट्या टग-बार्जमध्ये तर ८-१० मिमीच्या ए वरच जवळपास सगळं जहाज उभं राहतं आणि त्यात कमीपणा काही नाही.

तुझी २२ मिमीची डी कुठे जाणार होती ते मी इथून कसं सांगू, नेस्टिंग शीटवर, म्हणजे प्लेटमधून कुठले भाग कापायचे त्या आराखड्यावर, पार्ट नंबर असतो, तो घेऊन ड्रॉइंग ऑफिसला जा आणि बोट ठेवून विचार. नक्की विचार.

शेवटचं_वर्ष

नेव्हल आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला आहे. "सगळीकडे भारी का नाही" या प्रश्नावर आम्हाला मटेरियल फॅक्टर शिकवतात, के. साध्या स्टीलला १, ३२ ला ०.७८, ३६ ला ०.७२. म्हणजे एएच३६ वापरलं की लागणारा सेक्शन मॉड्युलस (वाकण्याला तोंड देणारं छेदाचं माप) २८ टक्के कमी. वजन कमी, माल जास्त. मग सगळं जहाज ३६ मध्येच का नाही करत, वेल्डिंगचा खर्च सोडला तर?

लॉफ्टवाला

कारण ताकद वाढली तरी ताठपणा तसूभरही वाढत नाही. ए घे नाहीतर ईएच४० घे, यंग्ज मॉड्युलस २०६ गिगापास्कलच. प्लेट पातळ केलीस की ती बकल लवकर होते, म्हणजे दाबाखाली फुगून वाकते, आणि जास्त हलते. फटिगचं, म्हणजे परत परत भार येऊन पडणाऱ्या तड्यांचं, तर याहून वाईट, कारण वेल्ड केलेल्या जोडाला ती प्लेट कितीची होती याच्याशी घेणंदेणं नसतं, वेल्डच्या टोकापाशी खाच तीच, तडा तितक्याच फेऱ्यांत सुरू होतो, आणि तू तर ताण वाढवून ठेवलास.

हे पुस्तकी नाही. १९८० च्या दशकात मोठ्या क्रूड टँकरांमध्ये हाय टेन्साइल सढळ हाताने वापरलं, बाजूच्या प्लेटिंगचे लाँजिट्युडिनल (लांबीत जाणाऱ्या आधारपट्ट्या) सुद्धा त्यातच केले, आणि थोड्याच वर्षांत ते लाँजिट्युडिनल जिथे ट्रान्सव्हर्स (आडव्या) फ्रेममधून आरपार जातात तिथे तडे. बाजूवर लाट दिवसरात्र आपटत असते ना, पाण्याच्या रेषेच्या आसपासचा भाग श्वास घेतल्यासारखा आतबाहेर होत राहतो. त्यानंतर फटिगचं गणित नियमांतच आलं, आता टँकर आणि बल्करच्या (सुटा माल नेणाऱ्या जहाजांच्या) कॉमन रूलमध्ये, म्हणजे क्लास या जहाजं तपासणाऱ्या संस्थांच्या सामाईक नियमांत, उत्तर अटलांटिकच्या लाटा आणि २५ वर्षं आयुष्य धरूनच तपशील काढावा लागतो. म्हणून डेक आणि तळ हाय टेन्साइल आणि मधली उंची साधी, हा जो मेळ दिसतो तो काटकसर म्हणून केलेला नाही, तो विचार करून केलेला आहे.

बकलिंगचं उदाहरण हवं तर २०१३ चं एमओएल कम्फर्ट. कंटेनर जहाज, पाचच वर्षांचं, हिंद महासागरात मधोमध मोडलं, २६ च्या २६ माणसं वाचली ही देवाची कृपा. तपासात बोट तळाच्या प्लेटांच्या बकलिंगकडेच गेलं.

डेकवरून_निवृत्त

बाळा, मी चीफ मेट होतो, बल्करवर जास्त. पंच-बिंच आम्ही कधी वाचला नाही पण त्या प्लेटांवर आयुष्य काढलं म्हणून दोन शब्द.

बल्करच्या होल्डमध्ये जी जमीन असते, टँकटॉप, तिच्यावर लोडिंगला खनिज उंचावरून कोसळतं आणि डिस्चार्जला ग्रॅब आपटतो, दात घासत ओढतो. त्यामुळे तिथे हिशोबाला लागते त्याहून जाड प्लेट घालतात, ग्रॅबच्या वजनावर ठरतं ते. आणि लोखंडाचं खनिज भरलं तर एक होल्ड भरलेलं, शेजारचं रिकामं, असं आड-आड भरायची पद्धत, म्हणजे मधल्या बल्कहेडला आणि डबल बॉटमला (दुहेरी तळाला) किती कातर बसत असेल बघा. कोळसा असला की ओल आणि गंधक मिळून आम्ल झिरपतं, ते होल्डच्या साइड फ्रेमच्या खालच्या टोकाला, जिथे फ्रेम हॉपरवर (खालच्या उतरत्या भिंतीवर) टेकते, तिथे साचतं. टॉर्च मारून वरून बघितलं तर फ्रेम ठणठणीत आणि खाली ब्रॅकेटपाशी हातोडीने टकटक केलं की पापुद्रे गळतात. जुनी बल्कर जहाजं माणसांसकट गेली त्यात ही बाजूची फ्रेम तुटून पुढच्या होल्डात पाणी शिरणं हे मोठं कारण होतं, त्यावरूनच सोलास या समुद्रातल्या सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय कराराचं बल्करांसाठीचं वेगळं प्रकरण १९९९ ला लागू झालं.

दर पाच वर्षांनी स्पेशल सर्व्हेला अल्ट्रासॉनिकने जाडी मोजतात, आम्ही गेजिंग म्हणायचो. मूळ जाडी, आताची जाडी, किती झिजायला परवानगी. परवानगीच्या ७५ टक्क्यांवर झीज गेली की सर्व्हेयर लाल रेघ मारतो, मग दरवर्षी तिथेच परत बघणार. तुम्ही यार्डात १ मिमी म्हणजे काहीच नाही समजता, आमच्यासाठी तो १ मिमी म्हणजे काही वर्षं असतात.

आणि एक सांगतो, कोणी विचारलं नसलं तरी. एका जहाजावर आमच्या आधीच्या लोकांनी शीअर स्ट्रेकच्या वरच्या कडेला होज लटकवायला एक छोटी पट्टी वेल्ड केली होती, तळहाताएवढी. कोणी केली कधी केली नोंद नाही. सर्व्हेला तिच्या पायथ्यापासून प्लेटमध्ये शिरलेला तडा सापडला, साधारण बोटभर. सर्व्हेयर गुडघ्यावर बसून किती तरी वेळ त्याच्याकडे बघत होता, मग म्हणाला हे उणे तापमानात भरलेल्या जहाजावर झालं असतं तर. वाक्य पुरं केलं नाही त्याने.

जॅकेट_आणि_नोड

काका, तुमच्या पट्टीवरून मला लिहायलाच हवं. मी ऑफशोअर स्ट्रक्चरमध्ये आहे, बारा वर्षं. आमच्या क्षेत्रात प्रत्येक नव्या माणसाला पहिल्या आठवड्यात अलेक्झांडर कीलांडची गोष्ट सांगतात, मीही सांगते.

सेमी-सबमर्सिबल म्हणजे अर्धवट बुडून तरंगणारं रिग, पाच खांबांचं, ड्रिलिंगसाठी बांधलेलं पण उत्तर समुद्रात एकोफिस्क तेलक्षेत्रात कामगारांच्या राहण्यासाठी वापरत होते. २७ मार्च १९८०, संध्याकाळ, वादळ. डी-६ नावाची एक ब्रेस (खांबांना जोडून धरणारी नळी) तुटली, मग त्याच खांबाला धरून असलेल्या बाकीच्या ब्रेस एकामागून एक, खांब सुटला, रिग कललं आणि साधारण वीस मिनिटांत उलटं झालं. २१२ माणसं होती, १२३ गेली.

ती ब्रेस २.६ मीटर व्यासाची, २६ मिमी प्लेटची. भार तिने पेलला असता. पण तिच्यात एक भोक पाडून हायड्रोफोन (पाण्याखालचा आवाज टिपणारं यंत्र) बसवायला सव्वातीनशे मिमी व्यासाचा छोटा नळीचा तुकडा वेल्ड केला होता, ६ मिमीच्या फिलेट वेल्डने. त्या तुकड्याकडे कोणी भार घेणारा भाग म्हणून बघितलंच नाही, नुसता आधार. वेल्ड निकृष्ट, आणि त्या तुकड्याचं स्टील जाडीच्या दिशेने कमकुवत, पदर सुटल्यासारखं फाटलेलं. तड्याच्या आत रंग सापडला. रंग! म्हणजे यार्डात रंगकाम झालं तेव्हाच तिथे तडा होता, त्यावर ब्रश फिरला, आणि ते तसंच समुद्रात गेलं.

आता तुझ्या झेड३५ वर येते. प्लेट लाटताना तिच्यातले सल्फाइडचे कण पोळीसारखे चपटे होतात, लांबीत आणि रुंदीत ओढ चांगली सोसते पण जाडीतून ओढलं की त्या चपट्या कणांच्या पातळीत पदर सुटतात. याला लॅमेलर टिअरिंग म्हणतात. जॅकेटच्या नोडमध्ये, म्हणजे नळ्या जिथे जुळतात त्या सांध्यात, नेमकं हेच होतं, जाड नळी उभी, तिला चार दिशांनी ब्रेस येऊन टी सारख्या वेल्ड होतात, वेल्ड थंड होताना आकसतो आणि ब्रेसवर लाटेचा भार आला की नळीच्या भिंतीला जाडीच्याच दिशेने ओढतो. म्हणून तिथे झेड प्लेट. जाडीतून तुकडा काढून ओढायचा आणि तुटताना त्याचं छेदक्षेत्र किती टक्के आकसलं ते बघायचं, किमान २५ तर झेड२५, किमान ३५ तर झेड३५. गंधक अगदी कमी ठेवावं लागतं त्यासाठी. आणि पूर्ण जॅकेट झेड३५ चं नसतं, फक्त नोडचे डबे, मधल्या नळ्या साध्या. त्यामुळे तुझ्या यार्डात एकाच जाडीच्या, एकाच ताकदीच्या, दोन प्लेटा शेजारी पडलेल्या असतील, एक झेड असलेली, एक नसलेली. आता कळलं ना मला इतकं बोलायचं का सुचलं ते?

जहाजाशी मोठा फरक आणखी एक. जहाज अडीच-पाच वर्षांनी डॉकमध्ये येतं, जॅकेट एकदा समुद्रात उभं केलं की परत येत नाही. एफपीएसओ, म्हणजे तेलावर प्रक्रिया करून साठवणारं तरंगतं जहाज, ते सुद्धा वीस-वीस वर्षं जागेवरच. म्हणून आमच्याकडे चार्पीवर भागत नाही, वेल्डच्या जोडाची सीटीओडी टेस्ट पण मागतात, म्हणजे मुद्दाम तडा असलेला पूर्ण जाडीचा नमुना वाकवून बघायचं की तडा धावायच्या आधी किती उघडतो.

नवा_स्टॉकयार्ड

ताई, रंगाचं वाचून अंगावर काटा आला. आमच्याकडे टेम्पररी लग (पकडायचे छोटे तुकडे) रोज शेकड्याने वेल्ड होतात आणि काढतात, लिफ्टिंगला, फिटिंगला. त्याचं काय?

सिक्सजी_वेल्डर

लगचं मी सांगतो, आमचंच काम. लग हातोडा मारून पाडायचा नाही, प्लेटचा लचका निघतो. प्लेटपासून दोन-तीन मिमी वर गॅसने कापायचा, उरलेलं ग्राइंड करून सपाट, आणि भारी ग्रेड किंवा ऑफशोअर असेल तर वरून एमपीआय, म्हणजे चुंबकीय कणांनी तडे शोधायची तपासणी. आर्क स्ट्राइक, म्हणजे इलेक्ट्रोड चुकून प्लेटला टेकून जो ठिपका पडतो, तो पण ग्राइंड करायचाच, तो ठिपका विजेच्या वेगाने थंड होऊन कडक झालेला असतो, दिसायला तीळभर. टेम्पररी वेल्डला पण तोच वेल्डर, तेच प्रोसिजर, तेच वाळवलेले रॉड. "टेम्पररी आहे चालतंय" हा शब्द मी माझ्या टीममध्ये चालू देत नाही.

प्रीहीटचं, म्हणजे वेल्डच्या आधी प्लेट तापवण्याचं, पण लिहितो. प्लेट जाड आणि कार्बन इक्विव्हॅलेंट (रसायनावरून वेल्डला किती कडक होईल ते सांगणारा आकडा) जास्त असला की वेल्डच्या बाजूचा पट्टा कडक होतो आणि त्यात ओलीतून आलेला हायड्रोजन अडकला की दुसऱ्या दिवशी तडा, वेल्ड करून घरी गेलात तेव्हा सगळं छान असतं. म्हणून एनडीटी (न तोडता करायची तपासणी) लगेच नाही करत, जाड हाय टेन्साइलला ४८ तास थांबतात. हल्लीच्या टीएमसीपी प्लेटांनी आमचं आयुष्य खूप सोपं केलंय, लाटायचं तापमान आणि थंड करायचा वेग सांभाळून बारीक कणरचना आणतात म्हणून कमी कार्बनमध्येच ताकद मिळते, ३६ ला ५० मिमीपर्यंत कार्बन इक्विव्हॅलेंट ०.३८ च्या आत. पण तिची ताकद त्या लाटण्यातच आहे, त्यामुळे तिला लाल करून ठोकून वळवायचं नाही, भट्टीत घातली की केलेलं सगळं पुसलं जातं. लाइन हीटिंगला (टॉर्चने रेषेत तापवून प्लेट वळवायला) सुद्धा तापमानाची हद्द दिलेली असते ती तापमान दाखवणाऱ्या खडूने मोजून पाळायची, अंदाजाने नाही.

सगळ्यात अवघड प्लेट मी केलेली म्हणजे जॅकअप रिगच्या (समुद्रतळावर पाय टेकून वर चढणाऱ्या रिगच्या) पायाचा रॅक, दातांची पट्टी. १२७ मिमी जाड, यील्ड ६९०. गॅसने दात कापलेले, एकेक दात हाताच्या पंजाहून मोठा. पूर्ण रिगचं वजन त्या दातांवर चढतं-उतरतं. वेल्ड सुरू केला की प्रीहीट तुटू द्यायचा नाही, रात्रपाळीला हातात हात देऊनच टॉर्च सोडायचा, आणि झाल्यावर ब्लँकेट घालून सावकाश थंड.

जॅकेट_आणि_नोड

त्या ६९० वाल्याला पाण्यात आणखी एक धोका असतो. गंज रोखायला कॅथोडिक प्रोटेक्शन लावतो ते गरजेपेक्षा जास्त झालं की प्लेटच्या पृष्ठभागावर हायड्रोजन तयार होतो आणि इतक्या कडक स्टीलमध्ये तो शिरून तडे पाडतो, उत्तर समुद्रातल्या जॅकअपच्या पायांच्या तळाशी असे तडे सापडले होते १९८० च्या दशकाच्या शेवटी. साध्या ३५५ च्या जॅकेटला तेवढी भीती नाही. म्हणजे परत तेच, भारी आहे म्हणून सगळीकडे चालेल असं नाही.

आणि पवनचक्क्यांचे मोनोपाइल (समुद्रतळात रोवलेले एकखांबी पाये) पण आता याच प्लेटांचे मोठे गिऱ्हाइक आहेत. ३५५ ची ६० ते १०० मिमी आणि त्याहून जाड प्लेट, वळवून ८ मीटर व्यासाच्या वरचे डबे, एकावर एक सबमर्ज्ड आर्कने जोडायचे. तिथे कमाल ताणापेक्षा आयुष्यभराच्या वाऱ्या-लाटांच्या फेऱ्याच सगळं ठरवतात.

शेवटचं_वर्ष

कंटेनर जहाजांच्या हॅच कोमिंगला (माल आत सोडायच्या भोकाभोवतीच्या उभ्या कडेला) १०० मिमीपर्यंत जाड प्लेट का लागते? सुपरस्ट्रक्चरच्या ए शी तुलना केली तर विश्वासच बसत नाही की एकच जहाज आहे.

लॉफ्टवाला

कारण त्याला डेकच नसतो, सगळी वरून उघडी भोकं. टँकरचा वरचा फ्लँज म्हणजे पूर्ण रुंदीचा डेक, कंटेनरवाल्याकडे फक्त दोन्ही बाजूंना अरुंद पट्टी आणि हॅच कोमिंग. जितकं मोठं जहाज तितकी ती पट्टी जाड करत न्यावी लागते. ३६-४० मध्ये जाडी हाताबाहेर जायला लागली म्हणून ४६० यील्डची ईएच४७ आली, २००७ च्या एमओएल क्रिएशनवर पहिल्यांदा बसली.

पण जाड प्लेटमध्ये तडा एकदा धावायला लागला की तो थांबायला तयार नसतो. जपानमध्ये मोठाले नमुने तोडून बघितले तेव्हा आधीची समजूत खोटी ठरली, वाटायचं की वेल्डमधला तडा आपोआप बाजूच्या प्लेटमध्ये वळून थांबेल, जाड प्लेटमध्ये तो वेल्डमधूनच सरळ सुटला. म्हणून आता क्रॅक अरेस्ट प्लेट मागतात, ८० मिमीपर्यंत केसीए ६००० न्यूटन प्रति मिमी दीड घात इतका अरेस्ट टफनेस (धावता तडा थांबवायची क्षमता), आणि कोमिंगचे आणि डेकचे उभे जोड एकाच रेषेत न आणता सरकवतात.

तडा धावणे म्हणजे काय ते ज्याला बघायचं असेल त्याने स्कनेक्टेडीचा फोटो बघावा. टी२ टँकर, कोरा करकरीत, चाचणीफेरी करून परत येऊन धक्क्याला लागलेला. १६ जानेवारी १९४३ ची थंड रात्र, पाणी शांत, लाट नाही, माल नाही, आणि डेक आणि दोन्ही बाजू तडकून जहाज मधोमध उघडलं, तळाची प्लेट तेवढी धरून राहिली. आवाज मैलभर गेला म्हणतात. त्याच काळात लिबर्टी नावाची २,७१० मालवाहू जहाजं बांधली, त्यांतही कित्येकांना तडे, बरेचसे चौकोनी हॅचच्या कोपऱ्यापासून सुरू झालेले. सगळे वेल्डिंगला शिव्या घालत होते, केंब्रिजच्या कॉन्स्टन्स टिपर यांनी दाखवून दिलं की स्टीलच थंडीत ठिसूळ होतंय. वेल्डिंगचा दोष इतकाच की रिव्हेटच्या जोडापाशी तडा संपायचा, वेल्ड केलेल्या जहाजात मात्र एका प्लेटमधून दुसरीत विनाअडथळा पळायचा. मग जुन्या जहाजांच्या डेकला खाचा पाडून रिव्हेटचे पट्टे बसवले, हॅचचे कोपरे गोल केले. आज आपण जी अक्षरं वाचतो, बी, डी, ई, त्यांचा जन्म तिथला आहे.

रंगतपासनीस

प्लेटवर चर्चा चालू आहे तर तिच्या कडेवर पण बोला कोणीतरी, म्हणून मीच लिहितो. बॅलास्ट टँकचा (तोल राखायला समुद्राचं पाणी भरायच्या टाकीचा) रंग पंधरा वर्षं टिकायला हवा हे आयएमओच्या (आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या) नियमातच आहे, २००६ ला संमत झाला. रंग सपाटीवर कधीच फुटत नाही, फुटतो तो कडेवर, मॅनहोलची कड, स्कॅलपची (वेल्डसाठी कापलेल्या अर्धगोल खाचेची) कड, स्टिफनरच्या फ्लँजची कड, कारण ओला रंग धारदार कडेवरून मागे सरकतो. म्हणून कड २ मिमी त्रिज्येने गोल करा नाहीतर तीन वेळा ग्राइंडर फिरवा. मीठ प्रति चौरस मीटर ५० मिलिग्रॅमच्या आत, रंग एकूण ३२० मायक्रॉन. स्टॉकयार्डवाल्यांना हात जोडून विनंती, प्लेटांमध्ये लाकडी ठोकळे घाला, पाणी साचू देऊ नका, प्लेट आडवी पडून खड्डे पडले की ब्लास्टिंगने ते खड्डे जात नाहीत, त्यात मीठ बसतं. जाडीत उणे ०.३ मिमी एवढीच सूट असते, ती मिलनेच वापरलेली असेल तर खड्ड्याला जागाच उरत नाही.

डेकवरून_निवृत्त

गॅसवाल्या जहाजांचं कोणी बोललं नाही, मी दोन कॉन्ट्रॅक्ट एलपीजीवर केलीत. प्रोपेन उणे ४२ ला असतं. त्या टाकीची प्लेट मुळातच थंडीसाठी बनवलेली कार्बन-मँगनीज, तिच्या बाहेर इन्सुलेशन, आणि टाकी गळलीच तर बाजूचं हल स्वतः तेवढी थंडी झेलेल अशी ग्रेड. एलएनजी उणे १६२, तिथे आपलं जहाजाचं स्टील टेकूच द्यायचं नाही, आत ०.७ मिमीची इन्वार, ३६ टक्के निकेल, नाहीतर सुरकुत्यांची स्टेनलेस, ती फक्त गॅस अडवते, भार इन्सुलेशनमधून आतल्या हलवर. आणि त्या आतल्या हलच्या प्लेटा पण अक्षर बघूनच, कारण थंडी झिरपतेच. डेकवर थेंबभर एलएनजी सांडू नये म्हणून मॅनिफोल्डखाली (गॅस भरायच्या पाइपांच्या जोडणीखाली) ट्रे आणि बाजूला सतत पाण्याचा पडदा चालू, साधी प्लेट क्षणात तडकते म्हणून. ते पाणी वाहताना बघितलं की मला आमची ती शीअर स्ट्रेकवरची पट्टी आठवायची.

नवा_स्टॉकयार्ड

ड्रॉइंग ऑफिसला जाऊन आलो. ती २२ मिमीची डी हॅचच्या कोपऱ्याची इन्सर्ट प्लेट होती. आजूबाजूचा डेक १४ चा, फक्त चार कोपऱ्यांना २२. मॅडमनी ड्रॉइंगवर बोट ठेवून दाखवलं, कोपरा लंबवर्तुळात कापायचा, कापलेली कड ग्राइंड, आणि त्या कडेजवळ काहीही वेल्ड करायचं नाही असं तीन ठिकाणी लिहिलंय. लिबर्टीचं वाचून गेलो होतो त्यामुळे बघताक्षणी समजलं. काल डेक ब्लॉकवर चढून प्रत्यक्ष पण बघितलं, दुसऱ्या बाजूचा कोपरा बसलाय, कडेवरून हात फिरवला, काचेसारखी गुळगुळीत. माझी ए तिथे बसली असती. रंग लागला असता आणि कोणाला कधी दिसलंही नसतं.

एक शेवटचं विचारतो. उरलेले तुकडे असतात त्यांच्यावर पंच नसतो, कारण पंच मूळ प्लेटच्या एका कोपऱ्यात असतो आणि तो कोपरा वापरला जातो. स्पेक्ट्रोने तपासून वापरले तर चालेल का?

लॉफ्टवाला

नाही. स्पेक्ट्रो रसायन सांगेल, लाटलं कसं आणि उणे २० ला किती ज्यूल ते नाही सांगणार. जाडी मोजायच्या यंत्राला तर ए आणि ई एकच. चिवटपणा डोळ्याला दिसत नाही की हाताला लागत नाही, तो फक्त त्या हीट नंबरला (स्टील ज्या भट्टीच्या खेपेतलं तिच्या क्रमांकाला) आणि सर्टिफिकेटला बांधलेला आहे, धागा तुटला की प्लेट अनाथ.

त्यामुळे कापायच्या आधी, नंतर नाही, उरणाऱ्या तुकड्यावर हीट नंबर, प्लेट नंबर आणि ग्रेड पंचाने उतरवायचा, क्लासच्या सर्व्हेयरसमोर किंवा त्यांनी मान्य केलेल्या माणसासमोर, भोवती पांढऱ्या पेंटने चौकट, आणि रजिस्टरला नोंद. धारदार पंच वापरू नका, टोकं गोल असलेला वापरा, नाहीतर पंचच खाच होतो. ज्यावर पंच नाही तो तुकडा वेगळ्या रॅकमध्ये, लाल पट्टा मारून, जिग आणि स्टेजिंगसाठी. तो रॅक प्लेटांच्या थराजवळ ठेवू नका, यार्डाच्या दुसऱ्या टोकाला ठेवा.

नवा_स्टॉकयार्ड

आमचा तो रॅक थराला लागूनच आहे. उद्या सकाळी पहिली क्रेन आली की हलवतो.